कुंपणापलीकडचा सरडा

छत्रपती संभाजीनगर,
एप्रिल

चि. सोन्यास,


तुझा फोन झाला, तू धाडलेले व्हिडिओही नीट पाहिले. गळ्याभोवतीची झालर फुलवून, तोंड वासून मागच्या दोन पायांवर धावत सुटणारा तो ऑस्ट्रेलियाचा सरडा बघून कुणीही भुलेल, तू भुललास यात नवल नाही. विकणारा त्याचं पिल्लू ट्रॅव्हल्सच्या गाडीनं सिल्लोडपर्यंत धाडणार, तिथून तू मोटारसायकलवर धावड्याला नेणार, आगाऊ रक्कम रविवारच्या आत टाकायची, आणि अक्का-दाजींना सांगायचं की मामानं होकार दिला, असा तुझा एकंदर बेत. फोनवर मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. घाईत नाही म्हटलं की पोरं ऐकत नाहीत आणि घाईत हो म्हटलं की जनावर मरतं. म्हणून सवडीनं लिहितो.

उत्तर आधीच सांगून टाकतो: हा सरडा घेऊ नकोस. घरात सरडा आला की अवदसा येते असं तुझी आजी म्हणते, ते माझं कारण नाही. माझा सगळा जन्म गुरांच्या दवाखान्यात गेला. तिथं शुभ-अशुभ काही चालत नाही. कोणतं जनावर कुठं जगतं आणि कुठं झुरतं, एवढंच तिथं शिकायला मिळतं. त्या हिशेबानं सांगतोय.

हा सरडा उत्तर ऑस्ट्रेलियातला आणि न्यू गिनी बेटाच्या दक्षिण भागातला. कॅप्टन फिलिप पार्कर किंग यांच्या सफरीत १८२० साली ॲलन कनिंगहॅम या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर मिळाला. पुढं जॉन एडवर्ड ग्रे यांनी त्याचं वर्णन लिहिलं आणि किंग यांच्यावरून त्याला ‘क्लॅमिडोसॉरस किंगी’ हे नाव दिलं. पुरा वाढलेला नर शेपटीसकट पाऊण मीटरच्याही पुढं जातो. ऑस्ट्रेलियाच्या दोन सेंटच्या नाण्यावर तो होता. १९८४ साली जपानमध्ये एका मोटारीच्या जाहिरातीत तो धावला आणि सगळ्या देशाला त्याचं वेड लागलं. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’ सिनेमात एका डायनासोरला अशीच झालर चिकटवली. खऱ्या डायनासोरला ती होती याचा पुरावा नाही, तरी लोकांच्या डोक्यात तेच चित्र बसलं. चाळीस वर्षं झाली, हा सरडा जगभर त्याच्या झालरीवर विकला जातोय. तुझा हा विकणाराही तेच विकतोय.

आता ही झालर म्हणजे काय ते समजून घे. जिभेच्या मुळाशी जे हाड असतं, त्याला या सरड्यात लांब, लवचीक कूर्चेच्या काड्या फुटलेल्या असतात आणि त्यांवर कातडी ताणलेली असते. तोंड उघडलं की छत्री उघडावी तशी ती पसरते, मोठ्या नरात एक फुटापर्यंत. एरवी ती मानेवर घडी होऊन पडलेली असते. बहुतेक सारा वेळ हे जनावर झाडाच्या खोडाला चिकटून, खोडाच्याच रंगाचं होऊन, हलत नाही की बोलत नाही असं बसून असतं. माद्यांवरून किंवा जागेवरून दोन नरांची जुंपली तर झालर फुलते. नाहीतर फुलते ती भीतीनं. शत्रू अंगावर आला आणि झाडावर चढायला वाट उरली नाही, की आपण आहोत त्याच्या दुप्पट दिसावं म्हणून ही शेवटची धडपड.

तुझा दुसरा व्हिडिओ परत एकदा लाव. उजव्या कोपऱ्यात एक हात दिसतो बघ. हात पुढं सरकला की झालर उघडते, मागं गेला की हळूहळू मिटते. तिसऱ्या खेपेला हात पुढं येतो तेव्हा सरडा झालर उघडून जागच्या जागी डोलतो, बरगड्या भात्यासारख्या हलतात आणि तोंड मिटतच नाही. खाली लोकांनी हसरे चेहरे टाकलेत. गाय अशी धापा टाकताना दिसली असती तर तू मला रात्री बारा वाजता फोन केला असतास.

या सगळ्या प्रकरणातली मुद्द्याची गोष्ट इथंच आहे. जाणत्या माणसाकडं माणसाळलेला हा सरडा महिनोन्महिने झालर उघडत नाही, कारण त्याला भ्यायचं काही कारण उरत नाही. म्हणजे तू चांगला धनी निघालास तर ज्यासाठी पैसे मोजलेस ते तुला दिसणार नाही. आणि ते रोज दिसत असेल तर तू रोज त्याला छळतोयस. मित्र घरी येतील, ‘दाखव ना रे, एकदा उघडून दाखव’ म्हणतील, तेव्हा तू काय करशील याचा आजच विचार कर.

झालर बाजूला ठेवून नुसता सरडा म्हणून पाळायचा म्हटलं, तरी खटाटोप काय आहे तो ऐक. कुत्र्याला भाकरी द्यावी लागते, सरपटणाऱ्या जनावराला हवामान द्यावं लागतं. त्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. खाल्लेलं पचायलासुद्धा त्याला बाहेरून उष्णता लागते. मोठ्या सरड्याला कमीत कमी चार फूट रुंद, दोन फूट खोल आणि पाच फूट उंच पिंजरा हवा, आत चढायला उभी जाड लाकडं हवीत. वरच्या फांदीवर दिव्याखाली ३५ ते ४० अंश, खालच्या सावलीच्या बाजूला २६-२८, आणि रात्री वीसच्या खाली नको. हवेत ओलावा हवा. भांड्यातलं साठलेलं पाणी यातले बरेच सरडे ओळखतच नाहीत. पानांवर फवारा मारून थेंब चाटायला द्यावे लागतात. वर अतिनील किरणांची खास नळी रोज बारा तास. तिच्याशिवाय अंगात ड जीवनसत्त्व तयार होत नाही आणि कॅल्शियम हाडात मुरत नाही. खिडकीतलं ऊन चालणार नाही, कारण काच ते किरण अडवते. नळी डोळ्यांना लख्ख दिसत असली तरी तिचे किरण सहा महिने ते वर्षभरात उतरतात, मग बदलावी लागते.

तू म्हणशील, मामा, ऑस्ट्रेलियातही ऊन आहे, आपल्याकडंही ऊन आहे. खरं आहे. तिथंही आपल्यासारखा काही महिने पाऊस आणि पुढं कोरडा काळ असतो. पण कोरड्या दिवसांत तिथला सरडा उंच शेंड्यावर जाऊन बसतो, खाणं कमी करतो, अंगाची चाल मंद करतो. ऊन फार झालं तर खोडाच्या दुसऱ्या अंगाला सरकतो. निवड त्याच्या हातात असते. तुझ्या पत्र्याच्या खोलीत मे महिन्यात दुपारी बाहेर ४२ असेल तेव्हा पिंजऱ्याची थंड बाजू कुठली? आणि डिसेंबरात अजिंठ्याच्या डोंगराकडून रात्रीचं वारं सुटतं, अक्का दोन गोधड्या घेते, त्या रात्री वीज गेली तर दिव्याचं काय? इन्व्हर्टर गरम करणाऱ्या दिव्याला किती तास पुरतो, हे दुकानदाराला विचारून बघ. पंखा आणि दोन बल्ब चालवणं वेगळं आणि रात्रभर ऊब धरणं वेगळं.

खाण्याचं बघ. त्याला किडे लागतात, तेही जिवंत. धावड्यात किड्यांना काय तोटा, असं तू हसत म्हणालास. मला त्याचीच धास्ती वाटली. दाजींच्या रानात कपाशी आहे, मका आहे, मिरची आहे. २०१८ साली मक्यावर अमेरिकन लष्करी अळी आली तेव्हापासून फवारणीचा पंप खुंटीला टांगलेला राहत नाही. मिरचीच्या फुलकिड्यांपायी तर आठवड्याला फवारणी. बांधावरचा नाकतोडा तुला धडधाकट दिसेल, पण त्याच्या अंगावर आणि पोटात काय आहे ते तुला दिसणार नाही. असे किडे रोज खाऊन सरडा मरेल आणि ‘हवामान मानवलं नाही’ म्हणून तू मोकळा होशील. मग उरतं काय? घरीच रातकिडे किंवा झुरळं वाढवायची, त्यांना चांगला पाला घालायचा, खायला देताना कॅल्शियमची भुकटी चोळायची. स्वयंपाकघरामागं झुरळांचं क्रेट ठेवायला अक्काकडून परवानगी काढ. ती मिळाली तर मला लगेच कळव, मला ते पत्र जपून ठेवायचंय.

दुखण्याखुपण्याचं तर विचारूच नकोस. कॅल्शियम आणि किरण कमी पडले की जबडा रबरासारखा मऊ होतो, पाय वाकतात, पंजे थरथरतात. हे दिसतं तेव्हा दुखणं बरंच पुढं गेलेलं असतं, कारण रानातलं जनावर आजार लपवतं. लपवलं नाही तर शिकारी त्यालाच उचलतो. आमच्या शिक्षणात गाय, म्हैस, शेळी, कोंबडी. दवाखान्यात औषधंही त्यांचीच. सरड्याला कुठलं औषध किती द्यायचं हे जाणणारे डॉक्टर पुण्या-मुंबईकडं. तिकडं न्यायचं म्हणजे रात्रभराचा प्रवास, आजारी सरड्याला घेऊन. शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. हात साबणानं न धुता कुणी बाळाला घेतलं तर जुलाब-ताप बाळाला. पाच वर्षांखालच्या मुलांच्या घरात हे प्राणी ठेवूच नयेत असं आरोग्यवाले सांगतात. तुझ्या वहिनीचं लेकरू आत्ता रांगायला लागलंय, हे विसरू नकोस.

आणि हे सगळं किती दिवस? नीट सांभाळला तर हा सरडा दहा-पंधरा वर्षं जगतो. तू यंदा बारावी झालास. उद्या शिक्षणासाठी इकडं येशील, परवा नोकरीला पुण्याला जाशील. फवारा मारायला, झुरळं मोजायला, दिवा बघायला मागं कोण? अक्काच. तिला आधीच दोन म्हशी आहेत.

आता कायद्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. तो २०२२ मध्ये सुधारला आणि १ एप्रिल २०२३ पासून सुधारणा लागू झाल्या. ज्या परदेशी प्राण्यांच्या व्यापारावर ‘साइटिस’ या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे, त्यांची यादी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत घातली. असा प्राणी बाळगणाऱ्यानं त्याची नोंद करायची, पिल्लं झाली, मेला, दुसऱ्याला दिला, तेही कळवायचं. २०२४ च्या नियमांनी ही नोंद ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर होते. यादीत भर पडत असते. म्हणून कुठलाही परदेशी प्राणी घेण्याआधी, तो आज यादीत आहे की नाही, हे वन विभागाच्या कचेरीत जाऊन लेखी घ्यावं. विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नये. यादीत नसला तरी परदेशातून आणायला परवाना लागतोच, आणि तो परवाना कुणाच्या नावावर, कोणत्या तारखेचा, हे विचारायचा तुला हक्क आहे.

ऑस्ट्रेलिया आपले रानटी सरडे जिवंतपणी व्यापारासाठी बाहेर जाऊच देत नाही. मग बाजारात येतात ते एक तर कुठंतरी पिंजऱ्यात जन्मलेले, नाहीतर इंडोनेशियाच्या ताब्यातल्या न्यू गिनीच्या रानातून धरलेले. तुझं पिल्लू यातलं कोणतं? तू विचारलंस तेव्हा विकणारा म्हणाला, ‘टेन्शन नको, पार्सलवर मोबाइलचं सामान लिहितो.’ सोन्या, दुसरं काही नसतं तरी या एका वाक्यावर व्यवहार मोडायला हवा. सचोटीचा माणूस जिवंत जनावराला मोबाइलचं सामान म्हणत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबईच्या विमानतळावरच्या मालगोदामात शोभेच्या माशांच्या नावाखाली आलेले ६६५ परदेशी प्राणी महसूल गुप्तचर संचालनालयानं पकडले. साप होते, सरडे होते, कासवं होती. पेट्या उघडल्या तेव्हा त्यांतले ११७ मेलेलेच होते. डिसेंबर २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाजवळ बिस्किटांच्या आणि केकच्या पुड्यांत अकरा साप निघाले. वाटेत मरणाऱ्यांची किंमत जगलेल्यांच्या भावात धरलेली असते. ती किंमत तू भरू नकोस.

एवढं नकारात्मक लिहून पत्र संपवलं तर तू म्हणशील, मामानं नुसतं अडवलं. तुझी आवड खोटी नाही हे मला माहीत आहे. लहानपणी पोरं कुंपणावरच्या सरड्याला धोंडे मारायची तेव्हा तू त्यांच्याशी भांडायचास. तो कुंपणावरचा साधा सरडा आणि हा ऑस्ट्रेलियाचा पाहुणा एकाच कुळातले आहेत, अगामिडी कुळातले. विणीच्या दिवसांत कुंपणावरच्या नराचं डोकं आणि गळा लाल होतो, म्हणून लोक म्हणतात, तो लांबून रक्त पितो. तो पितो काही नाही, किडे खातो, तेही फुकट. पाऊस पडून जमीन मऊ झाली की मादी बांधाच्या कडेला पुढच्या पायांनी खड्डा उकरते, अंडी घालते, माती लोटते आणि तोंडानं ठोकून ठोकून बसवते. ती उठून गेल्यावर जागा ओळखू येत नाही. हे तू तुझ्या बांधावर बघू शकतोस, फक्त तासभर हलायचं नाही.

याच कुळात आपल्या माळांवरचा पंखावाला सरडा आहे. बोटाएवढा जीव. एप्रिल ते जून, पाऊस पडायच्या आधी, नर उंचशा दगडावर चढतो आणि गळ्याखालचा पंखा उघडमीट करतो. काही जातींत तो पांढरा असतो, काहींत निळा-काळा-केशरी. साताऱ्याच्या चाळकेवाडी पठारावरच्या अशा रंगीत सरड्याला २०१६ साली शास्त्रज्ञांनी नवी जात म्हणून जाहीर केलं. त्या गटाला नावही दिलं ते ‘सरडा’ हेच. त्याच पठारावर पवनचक्क्यांच्या आसपास शिकारी पक्षी कमी झाले, सरडे वाढले आणि माणसाला पाहून पळायचेही कमी झाले, असं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. म्हणजे दगडावरचा एवढासा जीव पाहून अख्ख्या माळाचं गणित सुटतं. आणि त्याचा पंखा भीतीनं उघडत नाही. तो मादीला बोलावतो, दुसऱ्या नराला हटकतो. तू लांब बसलास की तो जास्तच उघडतो.

आगाऊ रकमेसाठी साठवलेल्या पैशांत एक बरी दुर्बीण घे. सकाळी आठ ते अकरा, गावाबाहेरच्या मुरमाड, विरळ गवताच्या माळावर पंधरा-वीस पावलं लांब बस. दिसेल त्याची तारीख, वेळ, जागा वहीत लिही, फोटो काढ आणि मला पाठव. ‘आयनॅचरलिस्ट’ या संकेतस्थळावर टाकलास तर जाणकार माणसं जात ओळखून सांगतील. एक मात्र पक्कं ध्यानात ठेव: धरायचं काही नाही. घरी आणायचं तर नाहीच. घोरपडीच्या तर वाटेलाही जाऊ नकोस. ती कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तिची शिकार केली तर तीन ते सात वर्षं कैद आणि पंचवीस हजारांपेक्षा कमी नाही एवढा दंड.

पुढं कधी स्वतःच्या पायावर उभा राहिलास, सरड्यांचा डॉक्टर तासाभराच्या अंतरावर असला, वीज जात नाही अशा गावात राहिलास, कागद चोख असले आणि झालर न उघडणाऱ्या सरड्यावरही तुझा जीव जडणार असेल, तर तेव्हा मला विचार. मी नाही म्हणणार नाही. आणि माझं पत्र पोचायच्या आत पार्सल आलंच असेल, तर घाबरून ते डोंगरात सोडू नकोस. परका प्राणी तिथं एक तर मरेल, नाहीतर इथल्यांना परके रोग देईल. वन विभागाच्या १९२६ या नंबरवर फोन कर आणि खरं खरं सांग. मी बरोबर येईन.

अक्काला नमस्कार, दाजींना उन्हाळी मिरचीची लागवड झाली का ते विचारलंय म्हणून सांग. हे पत्र दोघांना वाचून दाखव. रविवारी पैसे टाकू नकोस आणि विकणाऱ्याला ‘मामानं नको म्हटलं’ असंही सांगू नकोस. ‘मलाच नको’ असं सांग.

तुझा,
मामा